उजवा स्पीकर

उजवा स्पीकर आजही दबकाच वाजत होता. श्रावणनं रेडिओ बंद केला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तिसऱ्यांदा हेच होत होतं.

गाडी बोरगावच्या भूपेंद्रची. दोन सीटची, उघड्या टपाची, पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. भूपेंद्रनं ती भंगारातून उचलली, इंजिन नागपुरात करून घेतलं आणि आतलं सगळं काम सौसरच्या श्रावणवर सोपवलं. चार महिने श्रावण त्या गाडीत वाकून होता. उंदरांनी कुरतडलेल्या सीटा त्यानं उसवल्या, एकेक तुकड्याचं माप कागदावर उतरवलं आणि नवं चामडं कापून शिवलं. दारांचे ओल खाऊन फुगलेले पुठ्ठे काढून तिथं प्लाय बसवला. बासष्टाव्या वर्षी आता कंबर सरळ होत नव्हती. अंगठ्यात सुई घुसली तरी कळत नव्हतं. रविवारी नागपुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. सगळं तयार होतं, फक्त हा स्पीकर तेवढा अडला होता.

स्पीकर मूळचेच हवेत, अशी भूपेंद्रची अट होती. त्यांचे फाटके कागदी पडदे आणि जळालेल्या कॉइल पांढुर्ण्याच्या रोशननं बदलून दिल्या होत्या. पहिल्यांदा उजवा दबका वाजला तेव्हा श्रावण तो पिशवीत घालून बसनं पांढुर्ण्याला गेला. रोशननं निमूटपणे नवी कॉइल घातली. तरी तेच. दुसऱ्या खेपेला मात्र श्रावणचा तोल सुटला. दुकानात चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तो रोशनला म्हणाला की, तू दोन नंबरचं सामान घालतोस, तुझ्या हाताला इमान नाही. रोशननं स्पीकर दुरुस्त करून परत दिला आणि पुन्हा तसंच झालं तर मला बोलवा, एवढंच म्हणाला.

श्रावणनं फोन केला. दुपारी रोशन आला.

आल्या आल्या त्यानं दोन्ही दारांचे पॅनल उघडले. इतक्या निगुतीनं बसवलेलं काम पुन्हा सुटं होताना पाहून श्रावणला खाली बसावंसं वाटलं. रोशननं डावा स्पीकर उजव्या दारात लावला आणि उजवा डाव्या दारात. श्रावण स्टिअरिंगमागं बसला. रेडिओवर संत्र्याचे भाव सांगणं चालू होतं. दबका उजवाच. रोशननं वायरी बदलल्या. उजवाच. मग तो स्वतः सीटवर बसला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. उठला तेव्हा आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर असलेला राग गेला होता.

"काका, सीटवर उलटे बसा," तो म्हणाला. "तोंड डिक्कीकडं करा."

पोरगं आपली टिंगल करतंय, असं श्रावणला वाटलं. पण भांडायचंही त्राण नव्हतं. चपला काढून तो नव्या चामड्यावर गुडघे टेकून मागं तोंड करून बसला.

आता डावा स्पीकर दबका झाला होता.

तो पुढं वळून बसला. उजवा दबका. मागं वळला. डावा. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. रोशन दुसरीकडं पाहत उभा होता.

"स्पीकर दोन्ही चांगले हायेत, काका."

श्रावण हळूच खाली उतरला. उजव्या कानावर त्यानं तळहात दाबला आणि काढला. काहीच फरक पडला नाही. दोघांनी मिळून पॅनल परत बसवले. मग श्रावणनं शटर ओढलं आणि रोशनसोबत पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढला. काही गरज नाही, असं रोशननं दोनदा सांगून पाहिलं. त्या दिवशीच्या चौघांपैकी दोघंच दुकानात सापडले. त्यांच्यासमोर उभं राहून श्रावणनं सांगितलं की, या पोराचं काम चोख होतं, खराबी माझ्यात होती.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. सुशीला चुलीपाशी बसली होती. पोरीचं, स्नेहाचं लग्न झाल्यापासून बायको अबोल झाली, असंच तो धरून चालला होता. पोरीच्या आठवणीनं होत असेल, म्हणून त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्याच्या डावीकडं पंखा घरघरायचा, उजवीकडं ती पोळ्या लाटायची आणि दोघांचं जेवण मुक्यानं व्हायचं.

आज त्यानं पंखा बंद केला. ताट उचलून तो चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसला, ती डावीकडं येईल असा. त्यानं रोशनचं, गाडीचं, सगळं सांगितलं.

"उजवा कान गेला माहा," तो म्हणाला. "मलेच समजलं नाही. तुले तरी कधी वाटलं काय तसं?"

सुशीलानं तव्यावरची पोळी त्याच्या ताटात टाकली.

"वर्षभरापासून रोज तेच तर सांगून राहिली," ती म्हणाली. "तुम्ही दरखेपी नुसतं हं म्हणत होते."