सुवाच्य प्रत

दाराशी बॅग भरून ठेवल्याला आज सहावा दिवस होता. जिना वाजला की लेखक हातातलं टाकून दाराकडे बघत उभा राहायचा. मग वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खोकत निघून जायचं आणि तो पुन्हा खाली बसायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर ब्रह्मराक्षसाला त्याने स्वतःच पत्ता कळवला होता.

तीस वर्षं त्याने चांदण्याच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्या खपल्या आणि कुणाला दुखलं नाही. मग वर्षभरापूर्वी शेजारचा शिक्षक दूध आणायला गेला तो परत आला नाही. त्यानंतर लेखकाने एक लहानसं पुस्तक लिहिलं. शहरातून कोण कोण नाहीसं झालं, घरून निघताना काय बोललं, एवढंच त्यात होतं. वर नाव घातलं नव्हतं.

पण छापखान्याला पत्ता असतो. पोलिसांना तिथे प्रती सापडल्या, मूळ हस्तलिखितही सापडलं, आणि छापखानेवाल्याला उचलून नेलं. तो लेखकाचं नाव सांगेना. पंधराव्या दिवशी त्याच्या बायकोला त्याचा चष्मा तेवढा परत मिळाला. दोन्ही काचा फुटलेल्या.

तो चष्मा पाहून आल्यावर लेखकाने टोपी न काढताच पत्र लिहिलं. 'ते पुस्तक मी लिहिलं आहे. छापणाऱ्याला सोडा.' खाली नाव आणि पत्ता.

लिहिलं म्हणजे खरडलं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लग्न झाल्यापासून त्याची ओळ न् ओळ बायकोच सुवाच्य करून द्यायची. "मी नसते तर हे लेखक आहेत हे कुणाला वाचता आलं नसतं," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची आणि तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

हे पत्रही तिनेच पुढे ओढलं. दोनदा वाचलं. मग आपला चष्मा काढून पुसला.

"एखादा शब्द इकडचा तिकडे केला तर चालेल ना?" तिने नेहमीसारखं विचारलं.

"तुला बरं वाटेल ते कर," त्यानेही नेहमीसारखं सांगितलं. "आणि सही?"

"तुमचा कागद सोबत घालते. तुम्ही जरा पडा. अजून टोपीसुद्धा काढली नाहीत."

तो पडला. पाकीट तिने चिकटवलं आणि पोस्टातही तीच टाकून आली. येताना तिने नवा टूथब्रश आणला आणि बॅग भरायला घेतली. त्याने बॅगेकडे पाहायचंही टाळलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला कामाला जुंपलं. चहाला पाणी किती, भाताला किती, विजेचं बिल कुठे भरायचं. तांदूळ धुताना अर्धे मोरीत गेले.

"अगं, तिथे मला कोण भात लावायला सांगणार आहे?"

"रिकामं बसलात की भीती खायला उठते. धुवा पुन्हा."

डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, साखर, चहा, सगळं त्या मोत्यांच्या अक्षरात. आपली धाकटी बहीण सोबतीला येऊन राहणार आहे, तिला सापडायला हवं, असं म्हणाली. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरही चिठ्ठी लावली. तिलाही भीती वाटतेय, हात गुंतवून ठेवतेय बिचारी, असं त्याला वाटलं आणि तिच्याविषयी फार माया दाटून आली.

तो आरशासमोर उभा राहून "हो, मीच" म्हणायचा सराव करत होता. कधी आवाज फुटायचा नाही, कधी चिरकायचा. आणि मनात एक लाजिरवाणी इच्छा होती. चौथ्या दिवशी ती त्याच्या तोंडून निघालीच.

"पत्र पोस्टात हरवलं तर गं?"

"हल्ली पत्रं हरवत नाहीत," ती म्हणाली. "सगळी वाचली जातात."

सहाव्या दिवशी अकराच्या सुमारास जिना वाजला. कुणी खोकलं नाही. बुटांचा आवाज त्यांच्याच मजल्यावर थांबला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, शेगडीवर भात चढवला आणि आतल्या खोलीत गेली.

बेल वाजली. दार त्यानेच उघडलं. तिघे होते.

"हो, मीच," तो म्हणाला. आवाज स्पष्ट निघाला. इतक्या भीतीतही त्याला त्याचा आनंद झाला.

पुढच्या अधिकाऱ्याने हातातल्या कागदावरून नजर वर केली. "मीच म्हणजे कोण?"

"ते पुस्तक मी लिहिलंय."

"सगळे नवरे असंच म्हणतात," अधिकारी कंटाळून म्हणाला. "तुमच्या कादंबऱ्या आमच्या घरी वाचतात, साहेब. चांदणं छान असतं. हे लिहायची छाती तुमची नाही."

"अहो, पण माझं पत्र..."

"पाकिटात एकच पत्र होतं, बाईंच्या सहीचं. हस्तलिखितातलं अक्षरही त्यांचंच निघालं, पानन् पान. छापखानेवाल्याला सकाळी सोडलंय. व्हा बाजूला."

ती बाहेर आली तेव्हा तिने कोट घातला होता, पायात बूट होते. खाली वाकून तिने बॅग उचलली. त्याच्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"एकच शब्द बदलला हो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पाच मिनिटांनी भाताखालचा गॅस बंद करा."