नथीतला खडा

"हनुवटी इथं टेकवा काका, आणि हिरव्या खुणेकडे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षं नथींत आणि ठुशींत खडे बसवणाऱ्या भास्करअण्णांनी हनुवटी टेकवली. गावातल्या डॉक्टरांना डोळ्यामागची नस सुजलेली दिसली होती आणि डोक्यात गाठ तर नाही ना, अशी शंका त्यांनी काढली होती. तेव्हापासून आठ दिवस शालनताई नवऱ्याशी एक शब्दही वाकडा बोलल्या नव्हत्या. अण्णांना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

स्कॅन झाला. काळ्या पडद्यावर नसेच्या तोंडाशी पाच-सहा ठिपके लख्ख चमकले.

"हीच का ती गाठ?" शालनताईंनी पदर मुठीत आवळला.

"गाठ नाही आणि सूजही नाही. हे कॅल्शियमचे बारीक खडे आहेत, बहुधा लहानपणापासूनचे. त्यांच्यामुळेच नस फुगल्यासारखी दिसते. दरवर्षी येऊन तपासून जायचं, एवढंच."

अण्णांनी सवयीनं खिशातलं भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावलं.

"काका, ते काढायचे नसतात हं!"

"काढतोय कुठं? कारागिरी बघतोय. साठ वर्षांत एक खडा हलला नाही. कोंदण असावं तर असं!"

"बघा, बघा!" शालनताई कडाडल्या. "आणि माझ्या नथीतला खडा पडून दोन वर्षं झाली, तो बसवायला तुम्हाला सवड नाही!"

तेव्हा कुठं अण्णांच्या जिवात जीव आला.