सूर्यपुजारणीचा अंगरखा

“हे गिधाड काढून टाक. गरुड बसव,” मालक धनेश म्हणाला आणि त्यानं बोट थेट कापडावर टेकवलं. बोटाला गुटख्याची लाली होती. ती कापडावर उतरली.

मृणालीनं तोंड फिरवलं. दापोड्याच्या त्या गोदामात फॉइल चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास भरून राहिला होता, पण तिनं तोंड फिरवलं ते वासानं नव्हे. चार महिने ती या एका अंगरख्यावर राबली होती. एका रिसॉर्टमध्ये सूर्यविधी व्हायचा होता. तो चालवणाऱ्या बाईसाठी अँडीज पर्वतातल्या प्राचीन पुजारणीसारखा पोशाख हवा होता. मृणालीनं पुस्तकं मागवून वाचली, संग्रहालयांतल्या जुन्या कापडांची छायाचित्रं तासन्‌तास न्याहाळली. पायऱ्यापायऱ्यांच्या फुलीत तिथली माणसं वरचं, इथलं आणि खालचं जग बघतात हे कळल्यावर ती फुली तिनं बरोबर छातीवर घेतली. खांद्यांवर पंख पसरलेला कोंडोर घेतला. ते तिथलं मोठं गिधाड, वरच्या जगाचा निरोप आणणारं. मग लोकरीऐवजी पॉलिस्टर आलं, तेव्हा ती गप्प बसली. कशिद्याच्या जागी सोनेरी फॉइल आलं, तेव्हाही बसली. कारण धनेशनं शब्द दिला होता की लेबलवर डिझायनर म्हणून तिचं नाव छापेन. सात वर्षांच्या नोकरीत तिचं नाव कशावरच छापलं गेलं नव्हतं.

“गिधाड राहू दे,” ती म्हणाली. “ते काढलं तर सगळा अर्थच जातो.”

“राहू दे मग. अर्थ तू सांभाळ,” धनेश हसला. “फोटोवाला आलाय. विणणारी आजी पाहिजे त्याला. लेबलवर लिहिलंय ना, डोंगरातल्या आजीनं हातमागावर विणलेलं.”

“हे पॉवरलूमवर निघालंय, धनेश. आपल्या मागच्या गल्लीत.”

“गिऱ्हाईक लूम बघायला येतंय काय इथं?”

त्याची नजर गोदामभर फिरली आणि खाली बसून धागे कापणाऱ्या धोंडूबाईवर थांबली. धोंडूबाई दिघाशीपलीकडच्या वारली पाड्यावरून कामाला यायची. साठी उलटलेली, उन्हानं रापलेली, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं.

“ही चालेल,” धनेश म्हणाला. “रंगबिंग पण लावायला नको हिला.”

फोटोवाला फिसकन हसला. मृणालीला शिसारी आली. हा माणूस माणसांकडेही कापडाच्या ताग्यासारखा बघतो, असं तिच्या मनात आलं.

धोंडूबाईला उठवून पांढऱ्या पडद्यापुढे उभं केलं. लुगड्यावरूनच अंगरखा चढवला, डोक्यावर पोशाखाबरोबरची टोपी ठेवली. “ए म्हातारे, हात वर कर,” धनेश म्हणाला. “आणि तुमच्यातलं जुनं काहीतरी गाणं म्हण. व्हिडिओ पण काढू.”

धोंडूबाईनं हात वर केले नाहीत. ती मृणालीकडे वळली.

“पोरी, ह्यो कपडा कोनाचा हाय?”

मृणालीनं जमेल तसं सांगितलं. लांब एक डोंगराळ मुलूख आहे, तिथं पूर्वी सूर्याची पूजा करणाऱ्या बायका होत्या, पूजेच्या वेळी त्या असं वस्त्र घालायच्या. धोंडूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढली, अंगरखा डोक्यावरून उतरवला, त्याची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

“म्हंजे त्यांची धवलेरी,” ती म्हणाली. “दुसरे धवलेरीचा कपडा मी घालनार न्हाय. तू इचारलंस का तिला?”

मृणालीला तो शब्दच ठाऊक नव्हता. धोंडूबाईची सून मनिषा शेजारीच बसली होती. तिनं हळू आवाजात सांगितलं, “आमच्यात लगीन धवलेरी लावते. सासू माझी धवलेरीच हाय. तिनं गानं म्हटल्याबिगर आमच्या पाड्यांत कोनाचं लगीन लागत न्हाय. आन ते गानं ती लग्नाबाहेर कवाच म्हनत न्हाय.”

तीन वर्षं ही बाई मृणालीच्या टेबलापासून चार हातांवर बसत होती. इतक्या दिवसांत धाग्यांखेरीज मृणालीनं तिला काही म्हणजे काही विचारलं नव्हतं.

धनेशला यात रस नव्हता. त्यानं घडी विस्कटून अंगरखा मृणालीपुढे धरला. “मग तू घाल. टोपी पुढे ओढ, मान खाली घाल, तोंड दिसत नाही. रिसॉर्टला फोटो आज गेला नाही तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की तुझं नाव पण गेलं.”

मृणाली नाही म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण टेबलावर नमुन्याचं लेबल पडलं होतं. काळ्यावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव होतं, आडनावासकट. तिनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

तिनं अंगरखा घातला. फॉइलच्या गोंदानं आतून तो ओलसर होता, पाठीला चिकटत होता. फोटोवाल्यानं सांगितलं तसे तिनं हात वर केले, मान खाली घातली. कॅमेरा बराच वेळ वाजत राहिला. “एकदम ओरिजिनल,” धनेश म्हणाला.

टोपी काढून तिनं पाहिलं तेव्हा धोंडूबाई आपल्या जागी बसून धागे कापत होती.

चार वाजता चहाची किटली आली. मृणालीनं स्वतः कप भरला, धोंडूबाईपाशी गेली आणि तिच्यापुढे खाली बसली. “मावशी, घ्या,” ती म्हणाली. आजवर तिनं धोंडूबाईला कधी ‘अहो-जाहो’ केलं नव्हतं.

धोंडूबाईनं कात्री खाली ठेवली.

“तुझ्या हातचं नको,” ती म्हणाली, आणि उठून नळाचं पाणी ओंजळीनं प्यायली.