दहा लाख एक

"दहा लाख एक ही मूळ संख्या नाही, सर. तुमचं उत्तर चुकलंय." सुप्रियाचा आवाज हॉलभर गेला.

बिट्टन मार्केटजवळच्या त्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या गणित स्पर्धेचं बक्षीस वाटप सुरू व्हायचं होतं. पेपर काढणाऱ्या मनोहर सरांनी बरोबर उत्तरांचा कागद भिंतीवर लावला होता. सुप्रियाची मुलगी अदिती त्यांच्याच क्लासला जायची.

"अहो ताई, उलटीकडून वाचली तरी तीच राहणारी, इतकी देखणी संख्या," सर हसले. "दोनने, तीनने, सातने, कशानेच जात नाही."

"एवढ्यावर थांबलात? एकशे एकने जाते!" सुप्रियाने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: १०१ × ९९०१ = १०,००,००१.

सरांनी गुणाकार मनातल्या मनात करून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. पण पालक बघत होते.

"जाऊ द्या ना, बच्चों का मामला है," ते म्हणाले. "मला कळतंय. प्रत्येक आईला आपलं लेकरू पहिलं यायला हवं असतं."

सुप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या लेकराचा इथे काय संबंध? ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांचे मार्क कापलेत तुम्ही! काढा अदितीचा पेपर, सगळ्यांसमोर!"

सरांनी गठ्ठ्यातून पेपर काढला. अदितीने लिहिलं होतं, 'मूळ संख्या'.

"आता बोला," सर हळूच म्हणाले. "तुमचीच मुलगी पहिली येतेय. उत्तर बदललं तर तिचा नंबर जाईल. बदलू?"

सुप्रियाने लेकीकडे पाहिलं. अदितीने मान खाली घातली होती.

"बदला," सुप्रिया म्हणाली.

पहिलं बक्षीस अशोका गार्डनच्या एका मुलीला मिळालं. सुप्रियाने जोरात टाळ्या वाजवल्या, पण बाग सेवनियाला परतताना रिक्षात तिची धुसफूस थांबेना. सरांवरचा राग आता लेकीवर निघाला.

"इतकं शिकवते मी तुला. एकदा भागून बघायला काय झालं होतं?"

"बघितलं होतं," अदिती म्हणाली. "एकशे एकने भागल्यावर बाकी शून्य आली. मागच्या महिन्यात वर्गात सरांना सांगितलंही होतं."

"मग पेपरात मूळ कशाला लिहिलंस?"

अदितीने पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी उलट बोलते म्हणून सरांचा तुला फोन आला होता ना, आई? तेव्हा तूच म्हणालीस, सरांशी वाद घालायचा नाही, ते सांगतील तेच लिहायचं."