सोनबा आजोबांची कळ

वाचा गेलेल्या रुग्णाचं दुखणं नर्सच्या मनगटावरच्या पट्ट्यातून तिच्या अंगात उतरायचं, आणि जेवढं तिला दुखेल तेवढं वेदनाशामक इंजेक्शन रुग्णाला मिळायचं. हेमलता सिस्टरला आठवडाभर सोनबा आजोबांच्या पोटातली कळ जाणवत होती. रोज कळ वाढे, तशी ती डोसही वाढवी. सुई दिसली की आजोबा कशीबशी मान हलवून नको म्हणायचे.

"घाबरू नका बाबा, मला कळतंय ना तुमचं," ती म्हणायची.

आज सकाळी आजोबांनी डोळे उघडलेच नाहीत. हेमलताने नाडी पाहिली, मग नियमाप्रमाणे आपल्या मनगटावरचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला. चादर त्यांच्या तोंडावर ओढायला ती वाकली, आणि तिच्या पोटात कळ आली. रोजच्याच जागी.