सेन्सरचा दिवा

सर्वांत कमी वीज वापरणाऱ्या घराचं सोसायटीचं बक्षीस यंदा समोरच्या खैरनारताईंनी पटकावलं. मीही टाळ्या वाजवल्या, पण आतून नुसता जळफळाट!

वर्षभर मी काय कमी खपले? जुने बल्ब काढून एलईडी लावले, भिंतींना पांढरा रंग दिला, पॅसेजमध्ये माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा बसवला. ताईंनी यातलं काहीही केलं नव्हतं. त्यांच्या यजमानांची नजर गेलीय, कबूल. पण बाईंना तर दिसतं ना? दिवे लागणारच की! काहीतरी लबाडी असणार.

दिवेलागणीला विरजण मागायचं निमित्त काढून मी त्यांच्याकडे गेले. घरात फक्त देवापुढच्या निरांजनाचा उजेड. दोघं अंधारात मटार सोलत कशावर तरी खुदुखुदु हसत होती.

“दिवा नाही लावलात?” मी विचारलंच.

“हे लाव म्हणतात हो,” त्या म्हणाल्या, “पण मी एकटीच उजेडात बसून काय करू?”

विरजण घेऊन मी घरी आले. पॅसेजमध्ये पाऊल टाकताच सेन्सरचा दिवा लागला.

“आले हं मी.”

सोफ्यावरच्या ह्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. वाटी हातात धरून मी तशीच उभी राहिले. जरा वेळानं तिथं कुणीच नाही असं समजून दिवाही विझला.