मडक्यातला स्पीकर

चंद्रावतीच्या घरातला रेडिओ-कॅसेटचा डेक गातोय की खोकतोय, तेच कळत नसे. मालवणच्या बाजारातले नवे स्पीकर परवडणारे नव्हते. म्हणून तिच्या नवऱ्याने, दाजीने, होडीवरच्या रेडिओतला स्पीकर काढला, रिकाम्या मडक्याच्या तोंडावर बसवला आणि त्याची वायर डेकला जोडली.

"आणि होडयेर तुमका रेडिओ नको?" तिने विचारलं.

"पावसाळो सरलो, दर्यो शांत आसा. थंय माका गाणी कित्याक व्हयी? तू आयक गो," असं म्हणून पहाटे तो मासेमारीला गेला.

दुपारी चंद्रावतीने डेकवर रेडिओ लावला. मडक्यातून आवाज असा घुमला, की शेजारची शुभदा हातातलं काम टाकून ऐकायला आली. तेवढ्यात गाणं मध्येच थांबलं. निवेदकाचा एकेक शब्द खणखणीत ऐकू आला : "चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकत आहे. समुद्रात गेलेल्या होड्यांनी ताबडतोब परतावे."



चंद्रावतीने मडकं उचलून दारात आणलं, त्याचं तोंड दर्याकडे केलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.